लाकडाला जीभ देणारा : हान्स राइखेल



शाळामास्तराचा एक शत्रु जन्माचा नेमलेला असतो. मागच्या बांकावरचा मुलगा फूटपट्टीचें एक टोंक बांकाच्या कडेवर तळव्यानें दाबून धरतो, मोकळें टोंक बोटानें खालीं ओढतो आणि सोडून देतो. 'ढर्रर्र' असा आवाज उठतो. मग तो पट्टी हळूहळू आंत सरकवितो आणि आवाज चढत चढत बारीक होत जातो. मास्तर फळ्याकडून वळेपर्यंत पट्टी दप्तरांत गेलेली असते, आणि सारा वर्ग गंभीर मुद्रेनें व्याजाचीं उदाहरणें सोडवीत असतो. अशा पट्ट्या मीं तीस वर्षें जप्त केल्या. माझ्या मेजाच्या खणांत त्यांचा भाराच साठला होता. त्या आवाजांत कांहीं तथ्य असेल, अशी शंका तीस वर्षांत मला एकदांहि आली नाहीं.

सेवानिवृत्त झाल्यावर एका संध्याकाळीं माझ्या पुतण्यानें मला एक ध्वनिमुद्रण ऐकविलें. आरंभीं वाटलें, बिळाच्या तोंडाशीं दोन जनावरें भांडत आहेत. मग कोणी म्हातारी पुटपुटूं लागली. त्या पुटपुटण्यांतून शब्द उमटेल उमटेल असें वाटे, पण उमटत नसे. आणि मग, कसा कोण जाणे, त्याच कंठांतून सारंगीसारखा एक दीर्घ स्वर निघाला व मींड घेत खालीं उतरला. 'हें कोणतें जनावर?' मीं विचारलें. 'काका, जनावर नव्हे. एका टोंकाला घट्ट आवळलेली लाकडाची पट्टी आहे ती, आणि तिच्यावर गज फिरतो आहे,' तो म्हणाला. माझ्या डोळ्यांसमोर मेजाचा तो खण उभा राहिला. ती पट्टी घडविणाऱ्या व वाजविणाऱ्या हान्स राइखेल या जर्मन कलावंताची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

राइखेलचा जन्म पश्चिम जर्मनींतील हागेन या शहरीं १० मे १९४९ रोजीं झाला. त्यानंतर तेराच दिवसांनीं पश्चिम जर्मनीच्या नव्या संघराज्याची घटना जाहीर झाली. तेव्हां राज्य आणि मूल एकाच पाळण्यांत वाढलीं असें म्हणावयास हरकत नाहीं. सातव्या वर्षीं त्याच्या हातीं व्हायोलिन आलें आणि पंधराव्या वर्षापर्यंत तो शाळेच्या वाद्यवृंदांत तें वाजवीत असे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतों. कारण पुढें त्याच्या हातून जें निर्माण झालें, त्याला लागणारा गजाचा हात त्याच्या अंगीं लहानपणींच बसला होता. त्यानंतर मात्र त्या काळच्या हजारों मुलांप्रमाणें त्यानें गिटार उचलली. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, फ्रँक झापा, जिमी हेन्ड्रिक्स हीं त्या पिढीचीं दैवतें त्याचींहि होतीं. पण हाहि नाद कांहीं काळ मागें पडला. एकोणीसशें साठ ते सत्तर या दशकाच्या अखेरीस तो रेखनकला शिकला आणि अक्षरजुळणीच्या कामाला लागला. आपल्या छापखान्यांत ज्याला खिळे जुळविणें म्हणत, तोच हा धंदा. १९७० च्या सुमारास तो पुन्हां गिटारीकडे वळला. आपल्या वादनाची एक फीत त्यानें फ्रँकफुर्ट येथील जर्मन जाझ महोत्सवाच्या परीक्षकांकडे धाडली, आणि नवोदितांच्या बैठकींत वाजविण्याचें त्याला आमंत्रण आलें.

त्याचें उर्वरित आयुष्य वुपरटाल या शहरांत गेलें. वुपर नांवाच्या नदीच्या अरुंद खोऱ्यांत हें शहर लांबच लांब पसरलें आहे. खालीं जागा नाहीं म्हणून १९०१ सालीं तेथें नदीच्या पात्रावर लोखंडी कमानींना टांगलेली आगगाडी सुरू झाली. ती अजूनहि चालते. बार्मेन, एल्बरफेल्ड वगैरे गांवें १९२९ सालीं एकत्र करून हें शहर बनविलें गेलें. बार्मेन हें गिरण्यांचें गांव; कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रीडरिख एंगेल्स १८२० सालीं तेथेंच एका गिरणीवाल्याच्या घरीं जन्मला. १९४३ च्या मे महिन्यांत एका रात्रींतल्या बाँबहल्ल्यानें बार्मेन जळून खाक झालें. राखेंतून पुन्हां उभारलेल्या या शहरांत जी तरुण मंडळी वाढली, तिला वडिलांच्या पिढीचें संगीतहि तसेंच्या तसें नको होतें. पेटर ब्रोट्झमान व पेटर कोवाल्ड हे त्यांतले दोन अग्रणी. ब्रोट्झमान हा मूळचा चित्रकार. नाम जून पाइक या कोरियन कलावंतानें १९६३ सालीं वुपरटालच्या एका चित्रदालनांत पियानो आणि दूरचित्रवाणीचे संच मांडून जें प्रदर्शन भरविलें, त्यांत ब्रोट्झमान त्याचा मदतनीस होता. आणि १९६८ सालीं त्यानेंच 'मशीन गन' या नांवाची, नांवाला साजेशी कर्कश ध्वनिमुद्रिका काढली. तात्पर्य, तूं चित्रकार कीं वादक, हा प्रश्न त्या गांवांत कोणी कोणाला विचारीत नसे.

या मंडळींच्या ध्वनिमुद्रिका मोठ्या कंपन्या काढीनात, म्हणून १९६९ सालीं बर्लिनमध्यें 'फ्री म्यूझिक प्रॉडक्शन' ही वादकांची संस्था निघाली. राइखेलची पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ सालीं तिनेंच प्रसिद्ध केली. तिचें नांव 'विखलिंगहाउझर ब्लूज'. विखलिंगहाउझेन हा वुपरटालचाच एक भाग. कोणी 'कांदेवाडीची ठुमरी' असें नांव द्यावें तसलाच हा प्रकार.

येथें आपल्याकडील रसिकाच्या मनांत एक हरकत उभी राहील. माझ्याहि मनांत राहिली. आपला ख्यालगायकहि आयत्या वेळीं सुचेल तें गातो. पण त्याच्याभोंवतीं रागाचें कुंपण आणि खालीं तालाची जमीन असते. या जर्मन मंडळींना राग नाहीं, ताल नाहीं, ठरलेली चीज नाहीं. ज्याला बांध नाहीं तें शेत कसलें? ब्रोट्झमानच्या गर्जनेपुढें ही हरकत मीं अजून मागें घेतलेली नाहीं. राइखेलच्या बाबतींत मात्र मला ती मागें घ्यावी लागली. त्याचा बांध वाद्यांत होता. लाकूड कोठें जाड, कोठें पातळ, तार कोणत्या ठिकाणीं अडविली, यावरून कोणते स्वर निघतील, कोणते निघणार नाहींत, कोणते नुसते कण्हतील, हें आधींच ठरून जातें. तो बैठकीपूर्वीं चीज बांधीत नसे, वाद्य बांधीत असे. आणि एकदां तें बांधलें कीं त्याच्या मर्यादेंतच त्याला हिंडावें लागे. त्याचा राग लाकडांत होता, असें मी म्हणतों. त्यासाठीं त्याला आधीं सुतार व्हावें लागलें.

बाजारांतल्या गिटारीवर त्याचें समाधान होईना, म्हणून तो स्वतः गिटारी घडवूं लागला. गिटारीची तार खुंटीपासून घोडीपर्यंत ताणलेली असते आणि वाजतो तो एवढाच भाग. राइखेलनें घोडी तारेच्या मधल्या भागांत आणली, तेव्हां तारेला दोन अंगें झालीं. एका अंगाला छेडावें आणि आवाज टिपणारें यंत्र दुसऱ्या अंगाखालीं ठेवावें, अशी त्याची युक्ति. म्हणजे कानीं पडतो तो छेडलेला नाद नव्हे; घोडी ओलांडून पलीकडे गेलेला, त्याचा जणूं प्रतिध्वनि. सतारीच्या किंवा सारंगीच्या तरफा ज्यानें ऐकल्या आहेत त्याला ही गोष्ट नवी वाटणार नाहीं. तरफेच्या तारेला कोणी हात लावीत नाहीं, शेजारची तार बोलली कीं ती आपण होऊन बोलते. आपल्याकडे तरफ मुख्य स्वराच्या मागें छायेसारखी असते. राइखेलनें ती छायाच पुढें आणली आणि मूळ माणसाला पडद्याआड पाठविलें. १९७९ सालची 'द डेथ ऑफ द रेअर बर्ड इमिर' आणि १९८१ सालची 'बोनोबो बीच' या त्याच्या एकल गिटारवादनाच्या ध्वनिमुद्रिका रात्रीं दिवा मालवून ऐकाव्यात. दूर कोठें तरी घंटा वाजत आहेत आणि त्या घंटांना झोंप लागत आहे, असें कांहीं वाटतें.

आतां त्या पट्टीकडे येऊं. एकोणीसशें ऐंशीनंतरच्या दशकांत राइखेलनें हें वाद्य सिद्ध केलें. १९८७ च्या 'द डॉन ऑफ डाक्समान' या ध्वनिमुद्रिकेंत तें ऐकूं येतें. 'डाक्स' हें जर्मन लोकांच्या रानांत बीळ करून राहणारें, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेलें एक घुसखोर जनावर. राइखेलला तें फार प्रिय. त्यावरून आणि सॅक्सोफोनवरून मिळून वाद्याचें नांव पडलें 'डॅक्सोफोन'. रचना पाहिली तर हंसूं येईल इतकी साधी. तीन पायांच्या घडवंचीवर एक लाकडी ठोकळा. त्याच्या पोटांत लाकडाचें कंपन टिपणारीं ध्वनियंत्रें. ठोकळ्याला एक पातळ लाकडी पट्टी एका टोंकाशीं आवळलेली: लांबी फूटभराहून किंचित अधिक, रुंदी सव्वा इंचाच्या आसपास, जाडी सुमारें ५ मिलिमीटर. हिला तो जीभ म्हणे. उजव्या हातानें जिभेच्या कडेवर गज ओढावयाचा. डाव्या हातांत एक दुसरा, बांकदार लाकडी ठोकळा असतो, त्याचेंच नांव 'डाक्स'. तो जिभेवर दाबून मागेंपुढें डोलवावयाचा.

हा डोलणारा ठोकळा म्हणजेच वाद्याचें खरें मर्म, म्हणून थोडा धीर धरून ऐकावें. तारेची लांबी निम्मी केली तर कंपनें दुप्पट होतात आणि स्वर एक सप्तक चढतो, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. एका टोंकाला आवळलेल्या पट्टीचा कायदा निराळा. तिची मोकळी लांबी निम्मी केली तर कंपनें चौपट होतात, स्वर एकदम दोन सप्तकें वर उडतो. बांकावरची फूटपट्टी जराशी आंत सरकवितांच तिचा आवाज भराभर कां चढे, याचें उत्तर हेंच. आणि तें मला निवृत्त झाल्यावर उमगलें. इतक्या उतावळ्या पट्टीला ताब्यांत ठेवावयाचें तर ती दाबणारी जागा केंसभर केंसभर हलली पाहिजे. बांकदार ठोकळा जिभेवर लोळविला कीं नेमकें तेंच साधतें. शिवाय त्या ठोकळ्याची एक बाजू गुळगुळीत असते, तिनें मींड निघते. दुसऱ्या बाजूला गिटारीसारखे पडदे बसविलेले असतात, तिनें स्वर पायरी पायरीनें चढतात. एकाच मुठींत सारंगीहि आणि सतारहि.

जिभा त्यानें अनेक कापल्या, निरनिराळ्या लाकडांच्या आणि प्रत्येक निराळ्या आकाराची. एखादीच्या टोंकाशीं फुगवटा, एखादीला मध्यें कंबर, एखादीला भोंक, एखादी पानासारखी, एखादी चक्क कुत्र्याच्या जबड्यासारखी. ओळीनें मांडून ठेवल्या तर कोणी त्यांना अनोळखी लिपीची बाराखडी समजेल. आकार बदलला कीं जिभेचा स्वभाव बदलतो: एक घोरते, एक कुजबुजते, एक लहान मुलासारखी हट्ट करते. आणि कोणती जीभ काय बोलेल, हें कापून, आवळून, गज लावून पाहिल्याशिवाय पूर्णपणें सांगतां येत नाहीं. चित्रकाराची रेषा आणि वादकाचा स्वर येथें एकाच करवतीच्या धारेवर भेटतात.

तारेवांचून गजानें वाजणारें वाद्य जर्मन लोकांना अगदींच नवें नव्हतें. १७४० च्या सुमारास योहान विल्डे या जर्मन वादकानें लाकडी पेटीवर लोखंडी खिळे ठोकून ते गजानें वाजविले होते. आणि विटेनबर्गचा एर्न्स्ट क्लाड्नी याचें नांव तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत येतें. धातूच्या पत्र्यावर वाळू भुरभुरावी, कडेला गज लावावा, म्हणजे वाळू सरकून सुंदर आकृति उमटते, हें त्यानें १७८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें. हा क्लाड्नी पोटासाठीं गांवोगांव स्वतः बनविलेलीं वाद्यें वाजवीत हिंडे. १८०९ सालीं त्यानें नेपोलियनपुढेंहि आपले प्रयोग करून दाखविले आणि ग्रंथाच्या फ्रेंच अवतारासाठीं ६,००० फ्रँक मिळविले. क्लाड्नीनें स्वराला आकार दिला. राइखेलची वाट उलट होती. तो आकार कापी आणि त्यांतून स्वर काढी.

नुसत्या गमतीच्या आवाजांवर तो थांबला असता तर मी आपला वेळ घेतला नसता. १९९२ सालीं त्यानें 'शांघायड ऑन टोर रोड' ही ध्वनिमुद्रिका काढली. टोर रोड हा जपानांतील कोबे शहराचा एक रस्ता. हें एक संगीत नाटक आहे, आणि त्यांतलीं सारीं पात्रें लाकडाच्या जिभा आहेत! गाणारा माणूस एकहि नाहीं. २००२ सालीं 'युक्सो' हें तसलेंच दुसरें नाटक आलें. पहिल्यांदा ऐकतांना आमच्या घरांत सर्वजण हंसले. दुसऱ्यांदा कोणी हंसलें नाहीं. बोलावयाचें आहे, पण भाषा मिळाली नाहीं, अशा प्राण्याची जी तडफड, ती त्या आवाजांत आहे. आणि ती माणसाच्या गळ्यांतून आली असती तर इतकी लागली नसती, असें माझें मत आहे.

एकटा बसून वाजविण्याकडे त्याचा ओढा असला तरी तो माणूसघाणा नव्हता. रुडिगर कार्ल या स्नेह्याबरोबर त्यानें वर्षानुवर्षें वाजविलें. अमेरिकन चेलोवादक टॉम कोरा, इंग्लंडचा फ्रेड फ्रिथ, जपानचा काझुहिसा उचिहाशी हे त्याचे जोडीदार.

तरुणपणीं शिकलेली अक्षरविद्याहि त्यानें टाकली नव्हती. १९८३ सालीं बर्टोल्ड या बर्लिनच्या जुन्या टाइप-गृहानें त्याचें 'बार्मेनो' हें अक्षरवळण प्रसिद्ध केलें; नांव अर्थात् बार्मेन गांवावरून. १९९५ सालीं त्याचें दुसरें वळण आलें, आणि त्याचें नांव पुन्हां त्या लाडक्या जनावराचेंच: 'डॅक्स'. पॉल रेनर या जर्मन कारागिराचें १९२७ सालचें 'फ्यूचुरा' हें वळण कंपास व पट्टी घेऊन काढल्यासारखें स्वच्छ, पण थोडें थंड. तो स्वच्छपणा राखावा, अक्षर अरुंद करावें आणि त्याला जरा माणसाच्या हाताची ऊब द्यावी, असा राइखेलचा बेत होता.

हें त्यानें कसें साधलें? रोमन लिपींतील लहान 'एन्' आठवा. एक उभा दंड, त्याच्या खांद्यापासून निघून उजवीकडे उतरणारी कमान. कमान जेथें फुटते तेथें दंडाचें टोंक एखाद्या खुंटीसारखें वर उरतें. राइखेलनें ही खुंटी छाटून टाकली. दंडच वर जातो, वांकतो आणि कमान होतो. सांधा दिसतच नाहीं. आपलीं अक्षरें शिरोरेषेला टांगलेलीं, म्हणून आपणांस हा फरक क्षुल्लक वाटेल. पण मुलांचे कित्ते तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला तो क्षुल्लक वाटत नाहीं. एक खुंटी कमी केल्यानें सबंध ओळीची चाल बदलते. आणि ती कमान पाहतांना मला त्या जिभांच्या कडा आठवतात. दोन्ही ठिकाणीं रेषा कापणारा हात एकच आहे.

गंमत अशी कीं, त्याच्या अक्षरांना जेवढे डोळे लाभले तेवढे कान त्याच्या वाद्याला लाभले नाहींत. यू. पी. एस. या जगभर पार्सलें पोंचविणाऱ्या अमेरिकन कंपनीनें २००३ सालीं आपलें रूप पालटलें, तेव्हां 'डॅक्स'वरून बेतलेलीं अक्षरें स्वीकारलीं. तपकिरी मोटारींवर आणि खोक्यांवर तीं देशोदेशीं फिरलीं. खोकें उघडणारा माणूस अक्षर वाचतो. अक्षर घडविणाऱ्याचें नांव त्याला कशाला हवें? गाण्याच्या बैठकीला मात्र राइखेलपुढें थोडेच लोक असत, पण ते त्याचें नांव जाणून आलेले असत. या दोहोंपैकीं त्याला अधिक सुख कशांत वाटलें असेल, याचा मीं पुष्कळ विचार केला. माझा कौल मी सांगत नाहीं.

२२ नोव्हेंबर १९११ नव्हे, २०११ — माझी जीभ जुन्या शतकांत घसरते, क्षमा असावी — या दिवशीं वुपरटाल येथें तो वारला. वय अवघें ६२. वाद्याचा कर्ता आणि त्याचा सर्वांत मोठा वादक एकच असला म्हणजे त्याच्यामागें वाद्य मुकें होण्याची भीति असते. डॅक्सोफोन मुका झाला नाहीं. उचिहाशी तो वाजवितो, आणि अमेरिकेंत व इतरत्र कांहीं हौशी कारागीर नव्या जिभा कापतात.

मींहि एक प्रयोग केला. कोपऱ्यावरच्या सुताराकडून शिकंजा मागून आणला, जप्त केलेल्या पट्ट्यांपैकीं उरलेली एक सागवानी पट्टी मेजाच्या कडेला आवळली, आणि एका स्नेह्याच्या दिलरुब्याचा गज राळ लावून तिच्यावर ओढला. दोन दिवस नुसती किरकिर. तिसऱ्या दिवशीं डाव्या हातांत लाटणें धरून तें पट्टीवर लोळविलें, तेव्हां एक स्वर लागला, थरथरला, आणि खालीं उतरतां उतरतां असा कांहीं कण्हला कीं स्वैंपाकघरांतून हांक आली, 'अहो, दाराशीं कुत्रें आलें आहे का बघा बरें!'